तेल बदललं तो शुक्रवार

"डावीकडे फिरवा," कुमुद म्हणाली.

"माझ्या डावीकडे की गाडीच्या?"

"बाटलीचं झाकण उघडताना कुठं फिरवता? तिकडं."

मी पोर्चमध्ये गोणपाटावर उताणा पडलो होतो, गाडीच्या पोटाखाली. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक छातीवर उघडं होतं आणि हातात सतरा नंबरचा पाना होता. पुढची दोन्ही चाकं मी पुस्तकांच्या कपाटाच्या फळ्यांवर चढवली होती, एकेका चाकाखाली तीन तीन फळ्या. कुमुद दारातल्या वेताच्या खुर्चीत बसली होती. खालून मला तिची फक्त पावलं दिसत होती. डाव्या पावलातली चप्पल सकाळी मी घातली होती आणि ती वाकडी बसली होती.

"निघत नाही."

"निघेल. हातानं ओढू नका, खांद्यानं ढकला."

मी ढकललं. बोल्ट एकदम सैल झाला, दोन फेऱ्यांत हातातून सुटला आणि खाली ठेवलेल्या टबात पडला. काळं कोमट तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. चष्म्यावर शिंतोडे उडाले.

"आलं!" मी ओरडलो.

"टबात येतंय ना?"

"बरंचसं."

ती हसली. आठ महिन्यांत ती अशी मोठ्यानं हसली नव्हती. गाडीखाली पडल्या पडल्या मला वाटलं, जमतंय. आपल्याला हे जमतंय.

तेव्हा मी सहासष्ट वर्षांचा होतो. कऱ्हाडच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. लोक मला सबनीस सर म्हणायचे, पण मी कधी कुणाला शिकवलं नाही. वर्गासमोर उभं राहायची वेळ येऊ नये म्हणूनच मी ग्रंथालय निवडलं होतं. कुमुद शाळेत गणित शिकवायची. आमच्या कॉलनीत चारचाकी चालवणारी पहिली बाई तीच. गाडी तिची, गॅरेज तिचं, छपराचे पत्रे, प्लंबर, वायरमन सगळं तिचं. मी तिच्या शेजारच्या सीटवर पुस्तक घेऊन बसायचो. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. आता वाटतो.

मे महिन्यात तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं आठवड्यात परत आलं, पण डावा हात आणि डावा पाय आले नाहीत. मी तिच्यासाठी चार पुस्तकं आणली आणि व्यायामाचा तक्ता केला. ती किती पावलं चालली ते रोज वहीत लिहायला लागलो. सुरुवातीला तिचं करायला एक बाई ठेवली होती. परक्या बाईसमोर मला घरात वावरता येईना, म्हणून तिसऱ्या आठवड्यात मीच तिला नको म्हटलं. कुमुदला सांगितलं, आपलं आपण करू. ती म्हणाली, "तुम्हाला जमेल?" मी म्हणालो, "पुस्तकात सगळं आहे."

सप्टेंबरात मी गाडी शिकलो आणि परवानाही मिळवला. पण साताऱ्याला व्यायामासाठी जायचं तर भाड्यानं ड्रायव्हर आणायचो. दर शनिवारी अकराची वेळ असायची.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मंदारचा फोन आला. मंदार आमचा मुलगा, पुण्याला असतो. त्याची बायको ऋजुता तिथल्या एका हॉस्पिटलात नोकरी करते. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, मी पुढच्या रविवारी येतोय. आईला इकडं आणायचं आम्ही ठरवलंय."

"आणायचं म्हणजे?"

"म्हणजे राहायला. इथं रोज व्यायाम होईल. दिवसभराची बाई मिळेल. ऋजुता आहे."

"इथं सगळं व्यवस्थित चाललंय."

"ड्रायव्हर येतो तेव्हा व्यायाम होतो, नाही आला की बुडतो, याला व्यवस्थित म्हणता? उद्या मध्यरात्री काही झालं तर कोण नेणार तिला?"

"मी नेईन. गाडी येते मला."

"बाबा, तुम्ही त्या गाडीचं बॉनेट तरी कधी उघडलंय? आई आजारी पडल्यापासून सर्व्हिसिंग झालंय का? आई आत बसलेली असताना रस्त्यात बंद पडली तर काय करणार, पुस्तक वाचणार?"

मंदार मनाचा वाईट नाही. गणितात आईवर गेलाय आणि बोलण्यातही.

"आई, तू सांग ना," तो म्हणाला.

"ती इथंच बरी आहे," मी म्हणालो. मग कुमुदकडे पाहिलं. ती टेबलावरची चहाची बशी उजव्या हातानं हळूहळू गोल फिरवत होती.

"ठीक आहे," मंदार म्हणाला. "असं करू. या शनिवारी ड्रायव्हर बोलावू नका. तुम्ही एकट्यानं आईला साताऱ्याला नेऊन आणा. जमलं तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही."

"चालेल," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी याआधी कधी काही म्हटल्याचं आठवत नाही.

फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळानं कुमुद म्हणाली, "ऋजुताच्या हॉस्पिटलात पाण्यात उभं करून व्यायाम घेतात म्हणे. छातीइतक्या पाण्यात. पाय हलका होतो."

"तेच व्यायाम कोरडेही करता येतात," मी म्हणालो. "निळ्या पुस्तकात आहे. पान चाळीस."

तिनं बशी पुन्हा हळूहळू फिरवायला घेतली.

गुरुवारी मी दस्तगीरच्या गॅरेजात गेलो. कुमुदची गाडी तोच बघायचा. तिला तो बाई म्हणायचा, कारण त्याच्या दोन्ही बहिणी तिच्या हाताखाली शिकल्या होत्या.

"इंजिन ऑइल आणि फिल्टर पाहिजे होतं," मी म्हणालो.

"गाडी कुठाय?"

"घरी. मी बदलणार आहे."

दस्तगीर हात पुसायचा थांबला. "तुम्ही?"

"पुस्तकात दिलंय."

"सर, कशाला अंग काळं करून घेताय? आणा की इकडं. बाईंची गाडी हाय, अर्ध्या तासात करून देतो. तंवर तुम्ही बसा पेपर वाचत."

"नको. मीच करणार."

त्यानं फिल्टर आणि तेलाचा डबा काढून दिला, सतरा नंबरचा पाना उसना दिला. वर म्हणाला, "बाईंना बाजूला बसवून करा. त्यांनी नुसतं बघितलं तरी गाडी ऐकती."

म्हणून मी कुमुदला दारात बसवलं होतं.

सगळं तेल गळायला वीस मिनिटं लागली. मी टबातून बोल्ट शोधला, पुसला, परत बसवला. मग फिल्टर. डबीएवढं ते काळं भांडं तेलानं बुळबुळीत झालं होतं आणि हातात ठरत नव्हतं.

"कागद घ्या," कुमुद म्हणाली. "खरखरीत. पॉलिशपेपर असेल तुमच्या हत्यारांच्या डब्यात."

"माझ्याकडे हत्यारांचा डबा कुठाय?"

"माझ्या. जिन्याखाली."

पॉलिशपेपर गुंडाळल्यावर फिल्टर फिरला. मी तो काढून टबावर उपडा केला आणि सरपटत बाहेर आलो. पाठ आखडली होती. पुस्तकात त्या ठिकाणी एक सूचना होती, ती मी आदल्या दिवशी पेन्सिलीनं अधोरेखित केली होती: जुन्या फिल्टरबरोबर त्याची रबरी रिंगही निघाली आहे, याची खात्री करून घ्यावी. रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर तेल गळते. चष्म्यावर तेलाचा थर होता. मी शर्टाच्या टोकानं पुसला तर तो आणखीच पसरला. मला नीट काहीच दिसेना.

"कुमुद, जरा बघ. याला रिंग आहे का?"

तिनं उजवा हात पुढं केला. मी फिल्टर तिच्या हातात दिला. साडीवर तेल सांडेल म्हणून मी खाली वर्तमानपत्र धरलं. तिनं फिल्टर मांडीवर टेकवून फिरवला. कडेच्या खाचेतून अंगठा एकदा पूर्ण फिरवला, मग पुन्हा एकदा. अंगठा काळा झाला. ती बराच वेळ फिल्टरकडे बघत होती.

"आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "बसवा नवा."

मी नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटानं थोडं ताजं तेल लावलं, हातानं फिरवून बसवला, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वर पाऊण फेरा आवळला. ब्रेक सोडून गाडी फळ्यांवरून खाली घेतली, नवं तेल ओतलं. ते मधासारखं होतं. पट्टी घालून मोजलं, पुसून पुन्हा मोजलं. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. इंजिन सुरू करून पाच मिनिटं चालू ठेवलं आणि जमिनीवर पालथा पडून बघितलं. एक थेंब नाही.

"कोरडं आहे!" मी म्हणालो. "कुमुद, ठणठणीत कोरडं!"

"मग झालं तर," ती म्हणाली.

तिचा अंगठा मी साबणानं धुऊन दिला. नखाखालचं काळं निघालं नाही. मी म्हणालो, "मंदारला फोन करून सांगू?"

"उद्या जाऊन आल्यावर सांगा."

ती दुपारी जेवली नाही. तोंडाला चव नाही म्हणाली. त्याचंही कारण मी पुस्तकात शोधलं.

शनिवारी पावणेनऊला निघालो. कुमुदला गाडीत बसवायला मला दहा मिनिटं लागायची. आधी पाठ, मग चांगला पाय, मग दुसरा उचलून. तिचा पट्टा लावला. गावाबाहेर पडून मी महामार्गाकडे वळणार तेवढ्यात ती म्हणाली, "मोठ्या रस्त्यानं नको. मसूरकडून घ्या."

"त्या रस्त्यावर उसाच्या गाड्या असतील. वेळ लागेल."

"लागू दे. मोठ्या रस्त्यावर ट्रक अंगावर येतात. भीती वाटते."

कुमुदला ट्रकची भीती वाटते हे मी प्रथमच ऐकत होतो. पण आजारपणात माणसाचं मन नाजूक होतं, असं वाचलं होतं. मी आतल्या रस्त्याला लागलो.

ऊन कोवळं होतं. पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग होती. एकेक ओलांडून मी पुढं जात होतो, आणि दर वेळी कुमुद काही बोलेल म्हणून थांबत होतो. तिची सवयच होती, शेजारी कुणीही असलं तरी क्लच, गिअर, आरसा, सगळं सांगायची. त्या दिवशी ती एवढंच म्हणायची, "चाळीसच्या वर नको."

"माझं चालवणं कसं वाटतं?" मी विचारलं.

"चांगलं आहे."

"खरंच?"

"खरंच. सांभाळून चालवता."

मला फार बरं वाटलं. मी बोलायला लागलो. उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाऊ म्हणालो, तुझ्या बहिणीकडे फलटणला जाऊ. ती खिडकीबाहेर बघत होती. मसूर मागं टाकलं. आणखी दोनेक किलोमीटर गेलो असू, तोच समोर वेगाच्या काट्याशेजारी एक लाल दिवा लागला. तेलाच्या झारीचं चित्र असलेला.

तो दिवा मला माहीत होता. पुस्तकातलं ते पान तर पाठ होतं: हा दिवा लागल्यास वाहन ताबडतोब थांबवून इंजिन बंद करावे.

माझा पाय ब्रेकवर गेला.

"काय झालं?" कुमुदनं विचारलं.

"तेलाचा दिवा लागलाय."

तिनं वाकून दिव्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येत नाही. एखादं झाड मागं गेलं असेल तेवढा.

"लागतो कधी कधी," ती म्हणाली. "वायर ढिली असते. चला."

"पुस्तकात लिहिलंय, लगेच थांबा."

"वीस वर्षं मी ही गाडी चालवली की पुस्तकानं? चला तुम्ही."

मी ब्रेकवरचा पाय काढला. मला जे दिसत होतं आणि जे ठाऊक होतं, त्याच्यापेक्षा तिचा शब्द मला नेहमीच मोठा वाटत आला होता. दिवा तसाच जळत राहिला. थोड्या वेळानं बॉनेटखालून टकटक ऐकू यायला लागली, मग तिची खडखड झाली.

"हा आवाज?"

"चला," ती म्हणाली. या वेळी आवाज बारीक होता.

एका चढावर इंजिन करकरलं, गाडीला गचका बसला आणि सगळं बंद पडलं. मी कशीबशी गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवली. आतून फक्त ठक्क असा आवाज आला. पुन्हा फिरवली, तेच.

मी उतरून मागं बघितलं. डांबरावर मधाच्या रंगाची एक ओली रेघ वळणापर्यंत गेली होती. बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास येत होता. खाली वाकून पाहिलं तर फिल्टरच्या कडेनं तेल ठिबकत होतं, आणि दोन काळ्या रिंगांपैकी एक बाहेर लोंबत होती.

मी तिच्या खिडकीशी गेलो.

"कुमुद, जुनी रिंग आतच राहिली होती. तू म्हणालीस, आहे. तुला दिसली नाही का?"

ती समोर बघत होती. उजवा हात तिनं डॅशबोर्डवर पसरून ठेवला होता.

"गेली गाडी," ती म्हणाली.

"तुला दिसलं नव्हतं का?"

"खाच रिकामी होती," ती म्हणाली. "दोनदा बघितलं मी."

मला आधी कळलंच नाही. आम्ही ओलांडलेल्या बैलगाड्यांपैकी एक मागून आली. गाडीवान म्हणाला, "काय झालं वं काका? ढकलू का?" मी मान हलवली. तो गेला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ती रिंग काढून परत सगळं नीट बसवलं असतं."

"हो. मग?"

"मग आपण साताऱ्याला जाऊन आलो असतो. आणि उद्या मंदार हात हलवत परत गेला असता."

मी खिडकीची काच धरून उभा राहिलो. काही तरी बोलायला हवं म्हणून बोललो, "मी गाडी चालवत होतो. आपल्याला काही झालं असतं तर?"

"म्हणून तर आतल्या रस्त्यानं आणलं. चाळीसच्या वर जाऊ दिलं का तुम्हाला?"

"आणि दिवा लागला तेव्हा? तेव्हा थांबलो असतो तर गाडी वाचली असती."

"वाचली असती, तर दस्तगीरनं संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून दिली असती आणि तुम्ही सोमवारी परत निघाला असता." तिनं डॅशबोर्डवरून हात काढला. "मला काय सोपं गेलं का ते? माझी गाडी आहे."

"तुला पुण्याला जायचंय."

"हो."

"मला सांगायचंस."

"दोनदा सांगितलं. एकदा पाण्यातल्या व्यायामाचं सांगितलं, तुम्ही पान चाळीस म्हणालात. मंदारनं मला विचारलं, उत्तर तुम्ही दिलंत."

"स्पष्ट सांगायचंस कुमुद. मला माझं माझं नाही कळत, तुला माहीत आहे."

"कसं सांगू?" आता ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "पहाटे पाचला उठता तुम्ही. माझी वेणी घालता, ती दहा मिनिटांत सुटते. स्वयंपाक करता. कंबर धरून कण्हता, तेही दुसऱ्या खोलीत जाऊन. अशा माणसाला कुठल्या तोंडानं सांगू, मला तुमच्याकडून हे नको म्हणून?"

"मी काही चुकीचं करतो का?"

"तुम्ही आंघोळ घालताना तोंड फिरवता. आठ महिने झाले. तोंड भिंतीकडे करून पाणी ओतता, अर्धं पाणी भिंतीवर जातं. मी कुडकुडत बसते." ती थांबली. "तुम्ही लाजता, मला कळतं. सदतीस वर्षं लाजतच आलाय तुम्ही. पण मला वाटतं, मी बघवत नाही म्हणून तोंड फिरवता. तसं नाही हे माहीत आहे, तरी रोज वाटतं. मला एखादी बाई हवी, जी माझ्याकडे बघून पाणी घालेल. आणि दिवसभर कुणी मोजणारं नको. आज चौतीस पावलं, काल छत्तीस. मी दोन पावलं कमी पडले की तुमचा चेहरा बघवत नाही मला."

मला सांगायचं होतं, की मी तोंड फिरवायचो कारण पहिल्या दिवशी तिचा लोंबता हात पाहून मला रडू आलं होतं, आणि ते तिला दिसू नये म्हणून. पण ते तेवढंच खरं होतं का, याची मला खात्री नव्हती. आजही नाही.

"मीही येईन पुण्याला," थोड्या वेळानं म्हणालो.

ती रुमालासाठी पदर चाचपत राहिली. मी माझा रुमाल दिला. तिनं तो घेतला, पण उत्तर दिलं नाही. तेव्हा मला तेही कळलं.

मी दस्तगीरला फोन लावला. तो म्हणाला, "सर, बाई बऱ्या हायत ना? निघालोच मी." मग मी थोडा दूर, चढाच्या टोकाशी गेलो, आणि तिथून परत आलो. तिला ऐकू जाईल असं, तिच्या खिडकीशी उभं राहून मंदारला फोन केला.

"पोचलात साताऱ्याला?" त्यानं विचारलं.

"नाही. गाडी रस्त्यात बंद पडली. इंजिन गेलं बहुतेक. ऑइल मी बदललं होतं, ते नीट झालं नाही."

"तुम्ही बदललं? बाबा! आई कशी आहे?"

"बरी आहे. दस्तगीर येतोय न्यायला."

"मी काय सांगत होतो तुम्हाला? काय सांगत होतो?"

"बरोबर सांगत होतास." मी श्वास घेतला. "मंदार, मला जमत नाही. उद्या आलास की आईला घेऊन जा."

मला जमत नाही, हे वाक्य मी आयुष्यभर सगळ्या गोष्टींबद्दल अगदी सहज म्हणत आलो होतो. त्या दिवशी ते तोंडातून बाहेर काढायला मला गाडीचं दार धरावं लागलं.

मंदार एकदम मवाळ झाला. "अहो बाबा, वाईट वाटून घेऊ नका. या वयात तुम्ही तरी किती करणार? आणि तुम्हीही याच ना बरोबर. खोली आहे."

मी आत पाहिलं. कुमुदनं माझा रुमाल मांडीवर ठेवला होता आणि त्याची घडी घालत होती.

"मी मागनं येईन."

"मागनं म्हणजे कधी?"

"आईनं बोलावलं की."

तिचा हात थांबला. मग तिनं तो खिडकीतून बाहेर काढला, फोनसाठी. मी दिला.

"मंदार, ऐक," ती म्हणाली. "बाबांना एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी सगळं बरोबर केलं होतं. जुनी रिंग आत राहिलेली मला कळली होती, मी सांगितलं नाही. दिवा लागला तेव्हा ते थांबत होते, मी चला म्हणाले. गाडी मी घालवली."

पलीकडून मंदारचं हसणं मला बाहेरही ऐकू आलं. "आई, कमाल आहे तुझी! अजून पाठीशी घालतेस त्यांना?"

ती फोनकडे बघत राहिली. मग तो मला परत देत म्हणाली, "त्याला खरं वाटलं नाही."

"असू दे," मी म्हणालो.

दस्तगीर येईपर्यंत मी तिच्या शेजारी, चालकाच्या सीटवर बसलो होतो.

रविवारी ती गेली. सात महिन्यांनी, ऑगस्टात, तिनं मला बोलावलं, आणि पुढची साडेपाच वर्षं आम्ही पुण्यात एकत्र होतो. पाहुणे आले की मंदार तो किस्सा सांगायचा. दोन रिंगा, लाल दिवा, आणि बाबा आपले पुस्तक घेऊन गाडीखाली. ऋजुता म्हणायची, "बाबा, मिक्सरला हात लावू नका हं, तेल बदलाल." सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचो. पहिल्या दोन-तीन वेळा कुमुद म्हणाली, "नाही रे, ते माझ्यामुळं झालं," तर लोक जास्तच हसले. मग तिनं ते म्हणणं सोडलं. पण किस्सा सुरू झाला, की टेबलाखाली तिचा उजवा हात यायचा, माझं मनगट धरायचा, आणि सगळ्यांचं हसून होईपर्यंत सोडायचा नाही.